गॉलवेत पहिल्यांदा जाताय? आयरिश संगीत असं ऐका

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गॉलवेच्या शॉप स्ट्रीटवर उभं राहिलं की एका कोपऱ्यातून गिटार, दुसऱ्यातून फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि मध्येच एखाद्या पबचं दार उघडलं की आतून ॲकॉर्डियन, असं सगळं एकदम कानावर येतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर तसं छोटं. वस्ती लाखाच्या आत, आणि मधला सगळा भाग चालत पंधरा-वीस मिनिटांत संपतो. पण इथे पारंपरिक संगीत बाराही महिने, रोज संध्याकाळी वाजतं. जानेवारीतल्या पावसाळी मंगळवारीसुद्धा.

डब्लिनमध्ये नोकरी-शिक्षणासाठी असलेली आपली बरीच मंडळी शनिवार-रविवार गाठून इथे येतात. क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्रकाठचे उंच कडे बघतात, रात्री गर्दीच्या पबमध्ये माइकवर गाणाऱ्या गिटारवाल्याबरोबर ‘गॉलवे गर्ल’ म्हणतात आणि परततात. त्यात मजा आहेच. पण त्याच वेळी दोन दारं सोडून पलीकडे, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सहा जण माइकशिवाय जे वाजवत असतात ते ऐकायचं राहून जातं. मी दोन वर्षं या शहरात शिकायला होते. पहिले तीन महिने मला ते सगळं एकसारखं वाटायचं: जलद, गोड आणि न संपणारं. मग शेजारी बसलेल्या एका बाईंनी कान कुठे लावायचा ते दाखवलं, आणि त्यानंतर मला संध्याकाळी घरी बसवेना. तेच इथे क्रमानं सांगते.

निघण्याआधी घरी थोडं ऐकून जा

खूप नको. चार-पाच गोष्टी नीट ऐकल्या तरी पुरे.

सुरुवात मार्टिन हेज आणि डेनिस केहिल यांच्या सिॲटलमधल्या मैफलीच्या रेकॉर्डपासून करा. १९९९ साली आलेली. फिडल हेज यांचं, गिटार केहिल यांची. त्यात जवळजवळ अर्ध्या तासाची एक सलग मालिका आहे. अगदी हळू, एकेका स्वरावर रेंगाळत सुरू होते आणि हळूहळू चढत चढत शेवटी सभागृह उसळतं. विलंबित ते द्रुत हा प्रवास आपल्या कानाला सवयीचा असतो, म्हणून मराठी माणसाला मी नेहमी हीच वाट सुचवते. इतर आयरिश मंडळी इतकं सावकाश वाजवत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा. हेज गॉलवेच्या दक्षिणेकडच्या क्लेअर परगण्याच्या पूर्व भागातले, आणि तिथली चाल मुळातच संथ.

मग जो कूली. हे गॉलवे परगण्यातल्या पीटर्सवेल गावचे ॲकॉर्डियनवादक. बरीच वर्षं अमेरिकेत काढून ते परत आले, आणि १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये गावातल्याच पबमध्ये त्यांचं वादन ध्वनिमुद्रित झालं. वर्षभरानं, १९७३ च्या डिसेंबरात ते गेले. ते रेकॉर्डिंग ऐकताना वाद्यामागचा आवाज ऐका: माणसांच्या आरोळ्या, ग्लासांची किणकिण. गॉलवेच्या पबमध्ये शिरल्यावर जे ऐकू येणार आहे त्याचा याहून खरा नमुना मला माहीत नाही.

बँड ऐकायचे तर प्लँक्स्टीचा १९७३ चा पहिला अल्बम आणि बॉथी बँडचा १९७५ चा. पहिल्यात गाणी आणि पाइप्स (बॅगपाइपसारखं आयरिश वाद्य) एकमेकांत कसे मिसळतात ते कळेल, दुसऱ्यात या संगीताचा जोर कळेल. डी डॅनन हा तर इथलाच बँड. तो १९७० च्या दशकात गॉलवेजवळच्या स्पिडल गावातल्या पबमधल्या बैठकींतून उभा राहिला. द चीफ्टन्स तुम्ही बहुधा ऐकले असतील. त्यांनी १९६२ पासून हे संगीत जगभर नेलं.

‘गॉलवे गर्ल’बद्दल एक खुलासा. या नावाची दोन गाणी आहेत. एक अमेरिकन गायक स्टीव्ह अर्ल यांचं, २००० सालचं, आणि त्यात ॲकॉर्डियन वाजवलंय शॅरन शॅनन यांनी. दुसरं एड शीरनचं, २०१७ चं. पबमधली मंडळी मन लावून गातात ते बहुतेक वेळा पहिलं.

ट्यून मोजायला शिका

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा.

आधी एक शब्द. शब्द असलेलं ते ‘साँग’, नुसतं वाद्यावर वाजतं ती ‘ट्यून’. वाजवणाऱ्याला ‘छान साँग होतं’ असं म्हटलं तर तो हसून सोडून देईल, पण ‘छान ट्यून होती, नाव काय?’ असं विचारलंत तर वळून बोलेल.

जवळजवळ प्रत्येक ट्यूनचे दोन भाग असतात. पहिला भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा, अशी एक फेरी. पहिला भाग सहसा खालच्या सुरांत फिरतो, दुसरा वर चढतो. अस्थायी आणि अंतऱ्याची आठवण यावी असंच ते आहे. जलद ट्यूनची एक फेरी पस्तीस-चाळीस सेकंदांत होते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी ट्यून, मग तिसरी. या मालिकेला ‘सेट’ म्हणतात. न संपणारं असं जे वाटतं ते यामुळे. आपण एकच लांबलचक चीज ऐकतोय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात तीन निराळ्या ट्यून्स होऊन गेलेल्या असतात.

दुसरी गोष्ट लयीची. हे सगळं मुळात नाचाचं संगीत, त्यामुळे ट्यूनची जात नाचावरून ठरते. ओळखायची सोपी युक्ती सांगते.

मनात ‘बटाटा-बटाटा’ म्हणत राहा. वाजतंय त्यात ते चपखल बसलं, तर ती जिग. तीन-तीनचे दोन गट, म्हणजे आपला दादरा, फक्त पळता. ‘पुरणपोळी-पुरणपोळी’ बसलं तर रील. चार-चारचे दोन गट, केरव्याच्या जवळचे. सेशनमध्ये, म्हणजे पबमधल्या टेबलाभोवतीच्या बैठकीत, सर्वांत जास्त वाजतात त्या रील्स. ‘बटाटा-बटाटा-बटाटा’ असं तीनदा म्हटल्यावर ओळ पुरी होत असेल तर ती स्लिप जिग, नऊ मात्रांची. ती थोडी तरंगल्यासारखी वाटते आणि मला फार आवडते. हॉर्नपाइपमध्ये रीलसारखेच चार-चार असतात, पण लंगडत, हेलकावे घेत, आणि जरा सावकाश. पोल्का दोन-दोनच्या ठोक्यात धावते. ती ऐकू आली तर वाजवणारा केरी-कॉर्क सरहद्दीवरच्या श्लीव लूक्रा भागातला असेल किंवा तिथून शिकलेला असेल, असा अंदाज करायला हरकत नाही.

हे खाण्याचे शब्द मी माझ्यासाठी जुळवले, पण तिथेही मुलांना जिग शिकवताना न्याहारीच्या पदार्थांची नावं म्हणायला लावतात. वाद्य नसेल तेव्हा तोंडानं ट्यून म्हणायची त्यांची जुनी रीत आहे, तिला लिल्टिंग म्हणतात. तबल्याचे बोल म्हणणाऱ्या माणसाला ती चटकन जवळची वाटते.

तिसरं, सगळे एकच सुरावट वाजवतात. त्यामुळे आपल्याला आत शिरणं सोपं जातं. पण एकाच सुरावटीवर फिडलवाला एक हरकत घेतो, फ्लूटवाली दुसरी, कॉन्सर्टिना (हातात धरून दाबत वाजवायची छोटी पेटी) वाजवणारा तिथे काहीच करत नाही आणि पुढच्या फेरीत अचानक काहीतरी करतो. तिसऱ्या फेरीपर्यंत तुमची ट्यून पाठ होत आली असेल, तेव्हा एका वाद्यावर कान ठेवा आणि ते काय बदलतंय तेवढंच ऐका.

शहरात पोचल्यावर

डब्लिनहून बस किंवा रेल्वेनं अडीच-तीन तासांत गॉलवे येतं आणि स्टेशन एअर स्क्वेअरला लागूनच आहे. सामान टाका, रेनकोट घ्या आणि खाली नदीच्या दिशेनं चालायला लागा. विल्यम स्ट्रीट, शॉप स्ट्रीट, मग क्वे स्ट्रीट, आणि शेवटी कॉरिब नदीकाठची स्पॅनिश आर्च. वाटेत रस्त्यावर वाजवणारे भेटतील. एखादा आवडला तर तीन-चार गाणी थांबून ऐका आणि पेटीत नाणं टाका. हे त्यांचं पोट आहे.

सेशनसाठी मी तीन जागा सांगेन. टिग कोली, मेनगार्ड स्ट्रीटवर. ‘टिग’ म्हणजे घर. भिंतीभर वादकांचे फोटो, जागा अरुंद, आणि दिवसाला बहुधा दोन सेशन्स: एक संध्याकाळी सहाच्या आसपास, दुसरं साडेनऊनंतर. पहिल्यांदा जाणाऱ्यानं संध्याकाळचं गाठावं. गर्दी कमी असते आणि उजेडात बोटं दिसतात. समोरच शॉप स्ट्रीटवर टाफ्स आहे. तिथेही संध्याकाळी आणि रात्री वाजतं, पण पर्यटकांची झुंबड जास्त.

तिसरी जागा माझी सगळ्यात लाडकी. नदी ओलांडून पलीकडे सी रोडवरचा क्रेन बार. मधल्या भागापासून दहा मिनिटं चालावं लागतं, म्हणून वाट चुकलेले पर्यटक तिथे फारसे येत नाहीत. येतात ते ऐकायलाच येतात. खाली रोजचं सेशन फुकट, वरच्या मजल्यावर तिकिटाचे कार्यक्रम. एकच रात्र हातात असेल तर ती इथे घालवा.

वेळा बदलतात, म्हणून दारावरची पाटी वाचा किंवा बारवर विचारा. लहान मुलं बरोबर असतील तर कायदा लक्षात घ्या: पंधरा वर्षांखालची मुलं पालकांसोबत पबमध्ये बसू शकतात, पण रात्री नऊपर्यंतच, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. त्यामुळे कुटुंबासाठी सहाचं सेशनच सोयीचं. दारू पीत नसाल तर अडचण काहीच नाही. बारवर जाऊन ‘मिनरल’ मागा, म्हणजे थंड पेय. किंवा बिनअल्कोहोलची गिनेस बिअर. टेबलावर येऊन कुणी ऑर्डर विचारणार नाही, आपणच उठून जायचं. एक ग्लास घेऊन दोन तास बसलात तरी कुणी काही म्हणत नाही, पण काहीच न घेता जागा अडवणं बरं दिसत नाही.

टेबलाजवळ कसं वागायचं

सेशन म्हणजे रंगमंचावरचा कार्यक्रम नाही, हे एकदा ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप सुचतं. वादक गोलाकार बसतात, तोंडं एकमेकांकडे, आणि पाठी आपल्याकडे. ते एकमेकांसाठी वाजवत असतात आणि आपल्याला शेजारी बसू देतात. त्यांतल्या दोघा-तिघांना पबवाला पैसे देतो, बाकीचे हौसेनं येऊन बसतात. दोन सेट्सच्या मध्ये ते दहा-दहा मिनिटं गप्पा मारतील, कुणाच्या बाळाची चौकशी करतील, कोणती ट्यून कुणाकडून आली यावर वाद घालतील. ‘कार्यक्रम थांबला’ म्हणून उठू नका. हा सेशनचाच भाग आहे.

रिकामी खुर्ची दिसली तरी वादकांच्या गोलात बसायचं नाही. शहरातल्या एका पबमध्ये मी पहिल्याच आठवड्यात अशी बसले होते. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या कोपराला हलकेच हात लावून सांगितलं, ‘बाळ, ही फ्लूटची खुर्ची आहे.’ पाचच मिनिटांत पावसानं भिजलेले एक गृहस्थ पेटी काखेत धरून आले आणि त्यांनी तिथे बसून फ्लूट जोडायला घेतली. कुणी कुणाला फोन केला नव्हता. ते दर गुरुवारी तिथेच बसतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

टाळ्यांचा ठेका धरू नका. आपल्याला भजनाची सवय, हात आपोआप उठतात, मला समजतं. पण इथे माइक नसतो. दहा जणांच्या टाळ्यांत कॉन्सर्टिना बुडून जाते आणि लय पुढे ढकलली जाते. पायानं हळू ठेका धरा, वादकही तेच करतात. दाद द्यायची तर ट्यून बदलते त्या क्षणी ‘हप!’ अशी छोटी आरोळी येते, सेट संपल्यावर ‘लव्हली!’ किंवा आयरिशमध्ये ‘मा हू!’, म्हणजे शाब्बास. समेवर वाहवा द्यायची सवय असलेल्याला ही जागा शोधायला वेळ लागत नाही.

फर्माईश करू नका, निदान पहिल्या रात्री तरी. टेबलावर पैसे ठेवू नका. कुणाचं वादन फार आवडलं तर बारवाल्याला हळूच सांगा, ‘त्या फिडलवाल्या काय घेतात ते माझ्याकडून द्या.’ व्हिडिओ काढायचा असेल तर आधी नजरेनं विचारा, आणि अर्ध्या मिनिटात आटपून फोन खिशात ठेवा.

आता क्रेनमधली एक रात्र सांगते. नोव्हेंबर, बाहेर आडवा पाऊस. टेबलाशी फिडल, कॉन्सर्टिना, लाकडी फ्लूट आणि बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य). कॉन्सर्टिनावाल्या मुलीनं कुणाकडे न बघता एक जिग सुरू केली, एकटीनंच. पहिली ओळ होईपर्यंत बाकीचे नुसते ऐकत होते. फ्लूटवाल्यानं मान डोलवली, म्हणजे ओळखली. दुसऱ्या ओळीला फिडल आत आलं, मग बाकीचे. मी मनात बटाटा-बटाटा मोजत होते. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीच्या शेवटाला तिनं डोळे वर करून फिडलवाल्याकडे पाहिलं, एवढंच. आणि पुढच्या ठोक्याला सगळे वेगळ्याच ट्यूनमध्ये होते, चढ्या सुरांत, खोली उजळल्यासारखी झाली. बारशी उभा असलेला एक म्हातारा ओरडला, ‘हप!’ माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या रात्री पहिल्यांदा तो का आला, हे मला माझं मला कळलं होतं.

गाणं सुरू झालं की बोलणं बंद

वादन चालू असताना पबमध्ये गप्पा चालतात, पण कुणी एकट्यानं गाऊ लागलं की सगळी खोली गप्प होते. ‘शsश’ असा आवाज फिरतो, बारवालासुद्धा नळ सोडत नाही. तुम्ही मधल्या वाक्यावर असलात तरी थांबा.

शॅन-नोस ही इथली सर्वांत जुनी गायकी. शब्दाचा अर्थच ‘जुनी रीत’. साथीला काहीही नाही, ताल नाही, शब्द आयरिश भाषेतले, आणि एकेका अक्षरावर बारीक मुरक्या. प्रत्येक कडव्यात त्या बदलतात. गाणारा बहुतेक वेळा डोळे मिटून किंवा जमिनीकडे बघत गातो, चेहऱ्यावर काही दाखवत नाही. दुःख असेल तर ते स्वरात. कधीकधी शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि तो सावकाश गोल फिरवत राहतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा अर्थ एक शब्दाचा कळत नव्हता, पण नजर हटवता येईना. गॉलवेच्या पश्चिमेचा कॉनेमारा भाग हे या गायकीचं माहेरघर. तिथल्या कार्ना गावचे जो हीनी (१९१९–१९८४) यांची रेकॉर्डिंग्ज रात्री शांतपणे, एकावेळी एकच ऐका.

गाणं संपल्यावर गाणाऱ्याला पुढचं नाव घ्यायचा मान असतो, त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात. तुमच्यावर बोट आलं तर घाबरू नका. मराठीत गा. ओवी, अभंग, अंगाई, जे मनापासून येतं ते. भाषा कळली नाही म्हणून कुणी ऐकणं सोडणार नाही. आयरिश गाण्याचे शब्दही त्या खोलीतल्या निम्म्यांना कळत नसतात.

वाद्यांची तोंडओळख

फिडल म्हणजे व्हायोलिनच, फरक वाजवण्याचा. लाकडी फ्लूटला सहा भोकं, त्यामुळे बासरी वाजवणाऱ्याला बोटं ओळखीची वाटतात. इलन पाइप्स जरा बारकाईनं बघा: ‘इलन’ म्हणजे कोपर. तोंडानं फुंकायचं नाही, काखेतला भाता कोपरानं दाबून हवा भरायची. वाजवणारा बसूनच वाजवतो, आणि एकाच माणसाकडून मुख्य सूर, खर्ज आणि मधूनमधून साथीचे स्वर असं सगळं निघतं. २०१७ साली युनेस्कोनं ही वादनपरंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पाइप्स रोज दिसत नाहीत. दिसले तर हलू नका.

बोवरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ, छोट्या काठीनं वाजवतात. पूर्वी तो मुख्यतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या ‘रेन’ नावाच्या छोट्या पक्ष्याच्या मिरवणुकीत वाजायचा. १९६० च्या दशकात संगीतकार शॉन ओ’रिआडा यांनी त्याला वाद्यवृंदात जागा दिली. बुझुकी त्याहून नवी, ग्रीसहून त्याच दशकात आलेली, आणि आज ती नसेल तर चुकल्यासारखं वाटतं.

सेशनही वाटतं तितकं पुराणं नाही. या ट्यून्स आधी स्वयंपाकघरात आणि चौरस्त्यावरच्या नाचाला वाजायच्या. १९३५ च्या कायद्यानं परवान्याशिवाय नाच भरवणं बंद केलं आणि घरगुती नाचांना धक्का बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बांधकामावर राबायला गेलेले आयरिश मजूर तिथल्या पबांत जमून वाजवू लागले, आणि ती रीत घरी परत आली. असंच परदेशातून येणं आधीही झालेलं. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातले फिडलवादक मायकल कोलमन यांनी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या तबकड्या इकडे आल्या आणि खेडोपाडीचे फिडलवाले त्या ऐकून शिकले. शिकागोचे आयरिश पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांनी १९०३ मध्ये १,८५० ट्यून्सचा संग्रह छापला. त्यांतल्या कित्येक आज रात्रीही वाजतील. घर सोडलेल्या माणसांनी जपलेलं संगीत आहे हे, आणि परदेशात गणपतीत आरतीला टाळ धरणाऱ्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

एक दिवस जास्त असेल तर

बस धरून स्पिडलला जा. रस्त्यावरच्या पाट्या आयरिशमध्ये, दुकानातलं बोलणं आयरिशमध्ये. बसमध्ये रेडिओ ना गेल्टाक्टा लावा. हे आयरिश भाषेतलं केंद्र १९७२ पासून कॉनेमारातून चालतं आणि त्यावर शॅन-नोस हमखास ऐकायला मिळतं.

दक्षिणेला क्लेअर परगणा. तिथल्या डूलिन गावाला गॉलवेहून थेट बस आहे. क्लिफ्स बघून झाल्यावर रात्री तिथेच राहा म्हणजे मॅकगॅन्स किंवा ओ’कॉनर्स या पबमध्ये ऐकता येईल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर मिलटाउन मॅलबे सोडू नका. पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावानं १९७३ पासून तिथे उन्हाळी शाळा भरते. दिवसा वर्ग, आणि रात्री त्या एवढ्याशा गावात प्रत्येक पबमध्ये, फुटपाथवर, गाड्यांच्या मागे वादन. राहायची सोय महिनोन् महिने आधी करावी लागते.

डब्लिनवरूनच परतत असाल तर तिथल्या स्मिथफील्ड भागातल्या कॉबलस्टोन पबमध्ये एक संध्याकाळ काढा. २०२१ मध्ये त्या जागेवर हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेनं परवानगी नाकारली.

वाजवावंसं वाटलं तर

दुकानातून डी स्वराची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी उभी बासरी, घ्या. दहा-पंधरा युरोंत चांगली मिळते. दुसऱ्या स्वराची घेऊ नका, कारण सेशनमधल्या बहुतेक ट्यून्स डी आणि जीमध्ये असतात. नोटेशन बाजूला ठेवून कानानं शिका. सेशनमध्ये कुणासमोर कागद नसतो. पहिली ट्यून म्हणून ‘केश जिग’ चांगली. ती सगळ्यांना येते, आणि तुम्ही सुरू केलीत तर लोक हमखास सोबत येतील.

टेबलाशी बसायचं असेल तर सेट संपल्यावर जाऊन विचारा, मी बसू का. बहुतेक वेळा सरकून जागा देतात. येत असेल तेवढंच वाजवा, न येणाऱ्या ट्यूनवर अंदाजानं बोटं फिरवू नका. बोवरॉन आधीच कुणी वाजवत असेल तर आपला पिशवीतच राहू दे, गिटारचंही तेच. ढोलकी किंवा तबला घेऊन जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिल्या रात्री नुसतं ऐका, दुसऱ्या रात्री विचारा, आणि वाजवाल तेव्हा हलक्या हातानं, ट्यूनच्या खाली राहून.

आणि ट्यूनचं नाव विचारायला लाजू नका, मात्र उत्तराची फार आशा धरू नका. एकाच ट्यूनला तीन-तीन नावं असतात. पूर्व गॉलवेचे फिडलवादक पॅडी फाही यांनी कितीतरी ट्यून्स रचल्या आणि एकीलाही वेगळं नाव दिलं नाही, सगळ्या ‘पॅडी फाहीज’च. म्हणून विचारताना फोन पुढे करा आणि म्हणा, ‘पहिल्या दोन ओळी पुन्हा वाजवाल का?’ तेवढं रेकॉर्डिंग घेऊन घरी या. मी आणलेली अशी एकोणतीस आहेत, आणि त्यांतल्या अकरा ट्यून्स आता मला येतात.